थर पातळ, धातू कणखर : अणूंच्या सिम्युलेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

तांबं आणि निकेल, किंवा तांबं आणि निओबियम, असे दोन धातू काही नॅनोमीटर जाडीच्या थरांत आलटून पालटून रचले, की तयार होणारा पदार्थ दोघांपेक्षाही कितीतरी कणखर निघतो. हे कशामुळे होतं ते संगणकावर एकेका अणूची हालचाल मोजून पाहणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलं आहे : स्ट्रेसचा, म्हणजे दर क्षेत्रफळावरच्या बलाचा, आकडा इतकाच का आला? त्यावर आमचा उलट प्रश्न प्रत्येक वेळी एकच राहील. आकडा आला त्या क्षणी डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकात अणूंची रचना चुकलेली रेषा, कुठे होतं?

प्रश्न : थर जितका पातळ तितका धातू मजबूत, असं वाचलं. मग दोन-चार अणूंइतका पातळ थर सर्वांत मजबूत का ठरत नाही?

कारण थर पातळ होत जातो तसा धातू कोणत्या वाटेने नमतो ती वाटच बदलते. धातू ताणला किंवा वाकवला जातो तो स्फटिकातल्या डिस्लोकेशन नावाच्या रेषा सरकल्यामुळे. त्यांना अडवलं की धातू कणखर होतो.

थर ५० ते १०० नॅनोमीटरपेक्षा जाड असेल तर डिस्लोकेशन्स इंटरफेसपाशी, म्हणजे दोन थर जिथे भेटतात तिथे, एकामागे एक रांग लावतात. मागच्यांच्या रेट्याने पुढचं डिस्लोकेशन पलीकडे घुसतं. रांग जितकी लांब तितका रेटा मोठा, म्हणून जाड थर लवकर नमतो. हाच हॉल-पेच नियम : ताकदीतली वाढ जाडीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. तांब्यासाठी त्याचा गुणांक ०.१४ मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ इतका धरून हिशोब करा. १०० नॅनोमीटरला सुमारे ४४० मेगापास्कल, १० नॅनोमीटरला १.४ गिगापास्कल, १ नॅनोमीटरला ४.४ गिगापास्कल. शेवटचा आकडा कागदावरच राहतो, कारण १ नॅनोमीटरमध्ये रांग लावायला जागाच नसते.

साधारण ५ ते ५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात एकटं डिस्लोकेशन दोन इंटरफेसच्या मधल्या गल्लीतून कमानीसारखं वाकून पुढे सरकतं आणि जाता जाता दोन्ही इंटरफेसवर एकेक रेघ मागे ठेवतं. गल्ली अरुंद झाली की कमान जास्त वाकवावी लागते, म्हणून स्ट्रेस वाढतो. पण ही वाढ साधारण जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते आणि तिच्यात एक लॉगरिदमची संज्ञा येते. १० नॅनोमीटर जाडीच्या तांब्याच्या थरासाठी आम्ही हे सूत्र चालवलं : शिअर मॉड्युलस (आडव्या सरकण्याला होणारा विरोध) ४८ गिगापास्कल, बर्गर्स व्हेक्टर (डिस्लोकेशन गेल्यावर अणू जितके सरकतात ते अंतर) ०.२५६ नॅनोमीटर, पॉसाँ गुणोत्तर (ओढल्यावर आडवं आकसण्याचं प्रमाण) ०.३४, आणि इंटरफेस (१११) असल्याने (कंसातले आकडे स्फटिकातलं प्रतल कोणतं ते सांगतात) घसरणीच्या प्रतलावर, म्हणजे डिस्लोकेशन ज्यावरून सरकतं त्या प्रतलावर, मोजलेली तिरपी जाडी १०.६ नॅनोमीटर. डिस्लोकेशनच्या गाभ्यासाठी असलेला स्थिरांक १ घेतला तर ०.९५ गिगापास्कल शिअर स्ट्रेस येतो. तोच ०.२ घेतला तर ०.५४. दोन्ही किमती लोक वापरतात. तेव्हा कुणी सिम्युलेशनचा आकडा या सूत्राशी ‘अगदी जुळला’ असं सांगितलं, तर हा स्थिरांक कुठून आणला ते आधी विचारा.

याहून पातळ थरात, म्हणजे २ ते ५ नॅनोमीटरच्या खाली, कमान वाकवण्यापेक्षा इंटरफेस ओलांडून जाणंच डिस्लोकेशनला स्वस्त पडतं. ताकद मग जाडीवर नव्हे, इंटरफेसच्या अडथळ्यावर ठरते. तांबं-निओबियम थरांची ताकद इथेच शिगेला पोचते, २ गिगापास्कलच्या वर. त्याहून पातळ केलं की डिस्लोकेशनचा गाभाच थराच्या जाडीइतका भरतो, दोन शेजारी इंटरफेस एकमेकांना जाणवू लागतात आणि ताकद थांबते किंवा घसरते.

यातली मूळ कल्पना बरीच जुनी आहे. कडक आणि मऊ मॉड्युलसचे थर आलटून पालटून रचले तर मऊ थरातल्या डिस्लोकेशनला कडक थर दूर ढकलतो, म्हणून असा पदार्थ मुद्दाम घडवता येईल, हे कोहलर यांनी १९७० सालीच मांडलं होतं. तांबं ४८ आणि निकेल ७६ गिगापास्कल, म्हणजे दोघांतला फरक भागिले बेरीज ०.२३. ढकलणारं बल याच गुणोत्तराच्या प्रमाणात असतं.

प्रश्न : सिम्युलेशनसाठी तांबं-निकेलचा बॉक्स (अणूंचा ठोकळा) बांधताना दोन्ही धातूंची जालकं जुळत नाहीत. दोघांना एकच जालकस्थिरांक (जालकाच्या एका पेशीची लांबी) दिला तर चालेल का?

कोहेरंट, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू तंतोतंत जुळलेल्या, इंटरफेसचाच अभ्यास करायचा असेल तर चालेल, पण मग त्याची किंमत माहीत असू द्या. तांब्याचा जालकस्थिरांक ३.६१५ अँगस्ट्रॉम, निकेलचा ३.५२. फरक २.७ टक्के. (००१) इंटरफेस आणि समान जाडीचे थर धरले, तर दोघांना एका मापात बसवताना तांब्यात सुमारे २ गिगापास्कल दाब आणि निकेलमध्ये तितकाच ताण साठतो, तोही तुम्ही बॉक्सला हात लावण्याआधीच. पुढे स्ट्रेसचा जो वक्र येईल त्यात हे २ गिगापास्कल मिसळलेले असतील.

नैसर्गिक, म्हणजे सेमीकोहेरंट (अधूनमधून जुळणी चुकलेला), इंटरफेस हवा असेल तर बॉक्सच्या बाजूत दोन्ही जालकांची पूर्ण संख्या बसली पाहिजे. या जोडीचं नशीब चांगलं आहे. तांब्याच्या ३७ पेशी म्हणजे १३३.७५५ अँगस्ट्रॉम आणि निकेलच्या ३८ पेशी म्हणजे १३३.७६० अँगस्ट्रॉम. उरलेला स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल) नगण्य. (१११) इंटरफेसलाही हेच ३७ आणि ३८ चालतात, कारण आडव्या दोन्ही दिशांची मापं जालकस्थिरांकाच्याच पटीत असतात.

(००१) इंटरफेससाठी एक्स आणि वाय दिशेला हे माप घ्या. झेड दिशेला तांब्याच्या २८ पेशी (१०.१२ नॅनोमीटर) आणि निकेलच्या २९ (१०.२१ नॅनोमीटर). तांब्याचे १,५३,३२८ आणि निकेलचे १,६७,५०४, असे एकूण ३,२०,८३२ अणू झाले. तिन्ही दिशांना पिरिऑडिक सीमा (एका कडेतून बाहेर पडलेलं समोरच्या कडेतून आत येतं अशा) ठेवल्या की थर अखंड चालू राहतात.

इथेच बहुतेकांची चूक होते. झेड दिशा पिरिऑडिक म्हणजे बॉक्समध्ये इंटरफेस दोन : एक मधोमध दिसणारा, दुसरा वरच्या आणि खालच्या कडेला लपलेला. मधल्यात बरोबर अंतर ठेवलं आणि कडेचं विसरलं, तर तिथे अणू एकमेकांवर चढतात किंवा फट राहते. दोन्ही ठिकाणी अंतर दोन धातूंच्या प्रतलांतल्या अंतरांच्या सरासरीइतकं ठेवा. तांब्याचं १.८०७५ आणि निकेलचं १.७६, म्हणजे सुमारे १.७८ अँगस्ट्रॉम. फट राहिली तर सिम्युलेशन काही तक्रार न करता चालतं आणि थर ओढताच सुटून येतात. अणू चढले तर निदान लॅम्प्स या सिम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये ‘लॉस्ट ॲटम्स’ असा एरर येऊन चूक उघडी पडते.

नंतरचा क्रम असा. आधी कॉन्ज्युगेट ग्रेडियंट या गणिती पद्धतीने ऊर्जा किमान करा आणि त्यात बॉक्सची मापंही मोकळी सोडा. मग ६०० केल्विनचे वेग द्या. किमान ऊर्जेच्या स्थितीतून निघाल्यावर निम्मी ऊर्जा स्थितिज ऊर्जेत जाते आणि तापमान ३०० च्या आसपास येऊन थांबतं. मग शून्य दाबावर एनपीटीमध्ये (तापमान आणि दाब ठरलेले ठेवून) ५० ते १०० पिकोसेकंद चालवा. तिन्ही दिशांचा दाब स्वतंत्रपणे शून्य होऊ द्या. सगळ्या दिशा एकत्र बांधणारा ‘आयसो’ पर्याय इथे वापरू नका, त्याने झेडचा ताण एक्स आणि वायच्या माथी मारला जातो. टाइमस्टेप, म्हणजे गणिताचं एक पाऊल, १ फेम्टोसेकंद, तापमानाचं डॅम्पिंग ०.१ पिकोसेकंद, दाबाचं १ पिकोसेकंद.

या टप्प्यानंतर इंटरफेसचं चित्र वरून पाहा. मिसफिट डिस्लोकेशन्सची (दोन जालकांची जुळणी चुकते तिथल्या रेषांची) चौकोनी जाळी दिसली पाहिजे, बॉक्सच्या कडांशी ४५ अंशांत तिरपी, रेघांमधलं अंतर साधारण ९.५ नॅनोमीटर. जाळी दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं सूत्र) कोणतं निवडावं? दोन वेगवेगळ्या फाइल्स वापरल्या तर ताकद बरीच वेगळी आली.

येणारच. धातूंसाठी ईएएम (एम्बेडेड ॲटम मेथड) जातीची पोटेन्शियल्स पुरेशी आहेत, पण प्रत्येक फाइल वेगवेगळ्या गुणधर्मांवर बेतलेली असते. डाउनलोड केलेली फाइल थरांवर चालवण्याआधी तीन गोष्टी स्वतः मोजा. पहिली, ३०० केल्विनला दोन्ही धातूंचा जालकस्थिरांक. १० गुणिले १० गुणिले १० पेशींचा, म्हणजे ४,००० अणूंचा ठोकळा ५० पिकोसेकंद चालवला की तो मिळतो. वरचे ३७ आणि ३८ हे आकडे त्यावरून पुन्हा तपासा. दुसरी, स्टॅकिंग फॉल्टची, म्हणजे अणूंच्या थरांचा क्रम चुकलेल्या पट्टीची, ऊर्जा : तांब्याला सुमारे ४५ आणि निकेलला सुमारे १२५ मिलीजूल प्रति चौरस मीटर. तांब्याचा आकडा २० आला तर डिस्लोकेशनचे दोन अर्धे एकमेकांपासून फारच लांब जातील आणि इंटरफेस ओलांडण्याचं सगळं गणित बिघडेल. तिसरी, दोन धातूंमधला परस्परसंबंध. दोन स्वतंत्र फाइल्समधून जोडकाम करून आणलेलं पोटेन्शियल इंटरफेसवर भरवशाचं नसतं. तांबं आणि निकेल एकमेकांत सहज मिसळतात, तांबं आणि निओबियम घन अवस्थेत जवळजवळ मिसळत नाहीत. हा फरक ज्या फाइलमध्ये दिसत नाही ती थरांसाठी निरुपयोगी.

प्रश्न : तांबं-निकेलच्या १० नॅनोमीटर थरांना एक्स दिशेने ओढलं तर स्ट्रेस ८ गिगापास्कलपर्यंत चढला आणि एकदम कोसळला. प्रयोगात तर १ ते २ गिगापास्कल दिसतात. माझं काय चुकलं?

गणित चुकलेलं नाही. तुम्ही मोजलंत ते वेगळंच काही आहे. तुमच्या बॉक्समधले थर निर्दोष आहेत. मिसफिट जाळी सोडली तर आत एकही डिस्लोकेशन नाही, म्हणून ८ गिगापास्कल ही डिस्लोकेशन जन्माला घालण्याची किंमत आहे. [१००] दिशेने ओढताना घसरणीच्या प्रतलावर स्ट्रेसचा ०.४०८ इतका भाग येतो, म्हणजे ८ पैकी सुमारे ३.३ गिगापास्कल. निर्दोष तांबं फाडून घसरवायला जो शिअर स्ट्रेस लागतो त्याच पट्टीतला हा आकडा आहे. प्रयोगशाळेतल्या थरात कणसीमा असतात, वाढताना अडकलेली डिस्लोकेशन्स असतात, त्यांना जन्म घ्यावा लागत नाही. ती फक्त सरकतात. वक्र कोसळण्याचं कारणही हेच : एकदा डिस्लोकेशन्स सुटली की साठलेली सगळी ऊर्जा एका झटक्यात मोकळी होते.

दुसरं कारण वेग. प्रयोगात स्ट्रेन रेट सेकंदाला ०.००१ च्या आसपास असतो. १० टक्के ताणायला १०० सेकंद लागतात. तेवढा वेळ १ फेम्टोसेकंदाच्या पावलांनी चालायचं म्हटलं तर १ वर १७ शून्यं इतकी पावलं पडतील. म्हणून आपण सेकंदाला १ अब्ज या रेटने ओढतो आणि १०० पिकोसेकंदांत, १ लाख पावलांत, काम उरकतो. उष्णतेच्या धक्क्याने डिस्लोकेशन अडथळा पार करण्याची वाट पाहायला इथे वेळच नसतो. स्ट्रेस चढत जाऊन अडथळा मोडतो.

रेटची खालची मर्यादा संगणक ठरवतो, वरची मर्यादा भौतिकशास्त्र. तांब्यात ध्वनी पिकोसेकंदाला ४.७ नॅनोमीटर जातो. एका ठिकाणी डिस्लोकेशन सुटल्याची खबर १३.४ नॅनोमीटरच्या बॉक्सच्या दुसऱ्या टोकाला पोचायला सुमारे ३ पिकोसेकंद लागतात. सेकंदाला १ अब्ज या रेटने तेवढ्या वेळात स्ट्रेन ०.३ टक्के वाढतो, ते ठीक. १० अब्जला ३ टक्के वाढतो. म्हणजे खबर पोचायच्या आत दहा ठिकाणी नवी डिस्लोकेशन्स सुटलेली असतात. त्या गोंधळावरून थरांच्या यंत्रणेबद्दल काही निष्कर्ष काढणं आम्हाला पटत नाही. एक सूचना इथेच : लॅम्प्समध्ये मेटल एकक घेतलं असेल तर फिक्स डिफॉर्म या आदेशातला ०.००१ हा रेट सेकंदाला नव्हे, पिकोसेकंदाला असतो, म्हणजेच सेकंदाला १ अब्ज. ‘प्रयोगाइतकाच ०.००१ रेट ठेवला आहे’ असं लिहिणारी पत्रं या वेळीही आहेत.

मग करायचं काय? आमचा आग्रह पुढच्या पद्धतीवर आहे. बॉक्स पहिल्यांदा कोसळेपर्यंत आणि थोडा पुढे, १२ ते १५ टक्क्यांपर्यंत ओढा. मग त्याच रेटने उलट आणून स्ट्रेस शून्य करा, ५० पिकोसेकंद स्वस्थ बसू द्या आणि पुन्हा ओढा. आता आत डिस्लोकेशन्स आहेत. दुसऱ्या फेरीचा वक्र कमी उंचीवर नमतो आणि सपाट वाहतो. जाडीचा परिणाम या वाहत्या स्ट्रेसमध्ये शोधा, पहिल्या शिखरात नव्हे. पहिलं शिखर जाडीबरोबर फारसं बदलत नाही असं दिसलं तर दचकू नका, कारण ते इंटरफेसमधून डिस्लोकेशन सुटण्यावर ठरतं आणि २ नॅनोमीटर थराचा इंटरफेस १० नॅनोमीटरच्या इंटरफेससारखाच असतो.

याहून नेमकं उत्तर हवं असेल तर एका थरात एकच डिस्लोकेशन स्वतः बसवा (ॲटम्स्क या साधनात त्याची सोय आहे), बॉक्सवर शिअर लावा आणि ते इंटरफेस कोणत्या स्ट्रेसला ओलांडतं ते मोजा. काम जास्त आहे. पण हा आकडा आपण प्रश्नात विचारलेल्या गोष्टीचाच असतो.

आणखी दोन गोष्टी पाळा. जाडी बदलताना आडवा बॉक्स तोच ठेवा, नाहीतर जाडीचा आणि बॉक्सचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. आणि प्रत्येक जाडीसाठी सुरुवातीच्या वेगांचा बीजांक बदलून किमान ३ वेळा चालवा. तीन फेऱ्यांतला फरक दोन जाड्यांमधल्या फरकाइतका असेल तर तुमच्याकडे अजून निष्कर्ष नाही.

प्रश्न : ओढतोय तरी स्ट्रेस ऋण येतो, तोही हजारोंमध्ये.

लॅम्प्स दाब देतं, स्ट्रेस नाही. दाब धन म्हणजे दाबलेलं, म्हणून चिन्ह उलटं करा. मेटल एककांत दाब बारमध्ये असतो, १०,००० ने भागलं की गिगापास्कल. एकेका थराचा स्ट्रेस हवा असेल तर कम्प्यूट स्ट्रेस/ॲटमची थरातल्या सर्व अणूंवरची बेरीज घ्या आणि थराच्या आकारमानाने भागा. ही संख्या स्ट्रेस गुणिले आकारमान अशी असते, नुसता स्ट्रेस नव्हे. भागायला विसरलेले आलेख अगदी सुबक दिसतात, म्हणून ही चूक उशिरा सापडते.

प्रश्न : ओव्हिटोमध्ये (अणूंचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) संपूर्ण इंटरफेस ‘इतर’ म्हणून पांढरा दिसतो आणि त्यात डिस्लोकेशन कुठे आहे तेच कळत नाही. नेमकं काय पाहायचं?

आधी पडदा साफ करू. ३०० केल्विनला अणू सतत थरथरतात आणि कॉमन नेबर विश्लेषण (शेजाऱ्यांवरून अणूची मांडणी ओळखणारी पद्धत) त्या थरथरीलाच दोष समजतं. विश्लेषणाआधी त्या फ्रेमची ऊर्जा थोडी किमान करून घ्या, किंवा पॉलिहेड्रल टेम्प्लेट मॅचिंग वापरा. ते तापमानाला बरंच सोसतं. ठरावीक कटऑफ (शेजारी कुठवर मोजायचे ते अंतर) वापरणारी पद्धत दोन धातूंच्या बॉक्सला सोयीची नाही : तांब्याला ३.०९ अँगस्ट्रॉम लागतो, निकेलला ३.००. ॲडाप्टिव्ह पर्याय निवडा म्हणजे प्रत्येक अणूसाठी कटऑफ आपोआप ठरतो. मग एफसीसी अणू (या दोन्ही धातूंच्या नेहमीच्या मांडणीतले) लपवा. राहतात ते लाल एचसीपी (षटकोनी मांडणीतले) अणू आणि पांढरे ‘इतर’ अणू. डीएक्सए (डिस्लोकेशन शोधणारं विश्लेषण) चालवलं की रेघा आणि त्यांचे बर्गर्स व्हेक्टर मिळतात.

आता इंटरफेसपाशी फ्रेम-फ्रेम पुढे जा, १ पिकोसेकंदाच्या टप्प्याने. मिसफिट जाळीच्या दोन रेघा जिथे छेदतात तो नोड पाहा. ताण वाढतो तसा पांढऱ्या अणूंचा तो ठिपका पसरतो, एका बाजूला फुगतो, आणि अचानक तांब्याच्या थरात लाल अणूंची एक तिरपी पाकळी उघडते. तिची कड म्हणजे शॉकली पार्शियल (डिस्लोकेशनचा एक अर्धा), बर्गर्स व्हेक्टर ०.१४८ नॅनोमीटर. मागची लाल पट्टी म्हणजे स्टॅकिंग फॉल्ट. पाकळी वाढत समोरच्या इंटरफेसला टेकते. आता मागचा दुसरा पार्शियल सुटतो का, ते पाहा. सुटला तर लाल पट्टी मागून मिटत जाते आणि अख्खं डिस्लोकेशन गल्लीतून कमान करून धावू लागतं. जाईल तिथे दोन्ही इंटरफेसवर रेघ टाकत जातं. हीच ती जाडीवर अवलंबून असणारी घसरण. सुटला नाही तर पट्टी तशीच राहते आणि तिच्या लगतच्या प्रतलावर दुसरी पाकळी उघडली की ट्विनची (स्फटिकाच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या भागाची) सुरुवात होते.

निकेलच्या दाराशी काय होतं ते सर्वांत महत्त्वाचं. तांबं आणि निकेल यांची घसरणीची प्रतलं जवळजवळ एका रेषेत असतात, म्हणजे वाट सरळ आहे. तरी डिस्लोकेशन थबकतं. कडक निकेल त्याला मागे ढकलतं, कोहेरन्सीचा उरलासुरला ताण आडवा येतो, आणि मिसफिट जाळीच्या रेघेशी गाठ पडली तर दोघांचं मिळून एक जागचं न हलणारं डिस्लोकेशन बनतं. तुमच्या वक्रावर त्या क्षणी स्ट्रेस वर चढताना दिसेल. वक्र आणि फ्रेम शेजारी ठेवून ही सांगड घालता आली, तर आकड्याचा अर्थ लागला.

प्रश्न : तांबं-निओबियमला हेच सगळं लागू पडतं का?

इथे चाल वेगळी आहे. निओबियम बीसीसी (तांब्याहून वेगळ्या मांडणीचा), जालकस्थिरांक ३.३० अँगस्ट्रॉम. नेहमी आढळणाऱ्या कुर्ज्युमोव्ह-झाक्स मांडणीत तांब्याचं (१११) प्रतल निओबियमच्या (११०) प्रतलाला आणि तांब्याची <११०> दिशा निओबियमच्या <१११> दिशेला समांतर असते. पण इंटरफेसपलीकडे घसरणीच्या प्रतलांना सरळ वाट मिळत नाही. शिवाय हा इंटरफेस शिअरला दुबळा आहे. डिस्लोकेशन जवळ आलं की त्याच्या ताणाने इंटरफेसच थोडा सरकतो, डिस्लोकेशनला ओढून घेतो आणि त्याचा गाभा इंटरफेसच्या प्रतलात पसरवून टाकतो. पसरलेला गाभा पुन्हा गोळा होऊन पलीकडच्या थरात शिरणं महाकठीण. म्हणजे निकेलचा इंटरफेस ढकलून अडवतो आणि निओबियमचा गिळून. आमच्या मते थरांच्या धातूंमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट : दुबळा इंटरफेस कणखर पदार्थ देतो.

बॉक्स बांधताना इथे ३७ आणि ३८ सारखी सोपी जोडी मिळत नाही. आडव्या दोन दिशांसाठी वेगवेगळ्या संख्या शोधाव्या लागतात आणि प्रत्येक दिशेत उरलेला स्ट्रेन लिहून ठेवावा लागतो. तो ०.५ टक्क्याच्या आत आणा, बॉक्स मोठा झाला तरी चालेल. दोन धातूंमध्ये अदलाबदल करणारं मिश्रण सुरुवातीला मुद्दाम घालू नका. हे धातू मिसळत नाहीत आणि तुमचा इंटरफेस उगाच जाड होतो.

प्रश्न : ओढण्याऐवजी नॅनोइंडेंटेशन (पृष्ठभागात सूक्ष्म टोक रुतवणं) केलं तर प्रयोगाशी थेट तुलना करता येईल का?

थेट नाही, पण ओढण्यापेक्षा थोडी जवळची. गोलाकार आभासी इंडेंटर (लॅम्प्समधलं फिक्स इंडेंट) त्रिज्या ५ नॅनोमीटरचा घ्या. वरचा पृष्ठभाग मोकळा, सर्वांत खालचा १ नॅनोमीटर थर गोठवलेला, बाजू पिरिऑडिक. सेकंदाला १० मीटर वेगाने २ नॅनोमीटर खोल जायला २०० पिकोसेकंद, म्हणजे २ लाख पावलं. त्या खोलीला संपर्काची त्रिज्या ४ नॅनोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस नॅनोमीटर असतं. बल मेटल एककांत इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम येतं, १.६०२ ने गुणलं की नॅनोन्यूटन. समजा २५० आलं, तर ४०० नॅनोन्यूटन, आणि कठीणपणा ८ गिगापास्कल.

चुका दोन ठिकाणी होतात. बॉक्स अरुंद असला की इंडेंटरखालून निघालेल्या डिस्लोकेशनच्या वेटोळ्यांना पिरिऑडिक कडेतून आपलीच प्रतिमा भेटते आणि कठीणपणा खोटा वाढतो. रुंदी संपर्काच्या व्यासाच्या किमान ४ पट, म्हणजे इथे ३२ नॅनोमीटरपेक्षा जास्त ठेवा. दुसरी चूक अर्थ लावण्यातली : प्लास्टिक भाग संपर्काच्या त्रिज्येपेक्षा कितीतरी खोल जातो. वरचा थर ५ नॅनोमीटरचा असेल तर २ नॅनोमीटर खोलीवर तुम्ही वरचा थर, पहिला इंटरफेस आणि त्याखालचा थर असं सगळं एकत्र मोजत आहात. वरती कोणता धातू ठेवला यावर आकडा बदलतो, म्हणून दोन्ही क्रमांनी चालवा. भार आणि खोलीच्या आलेखावरची पहिली घसरण म्हणजे पहिलं डिस्लोकेशन, दुसरी ठळक घसरण किंवा चढ बहुधा इंटरफेसपाशी. तिथली फ्रेम उघडून खात्री करा.

प्रश्न : हे घरच्या संगणकावर होईल का?

होईल. ईएएमसाठी एका कोअरला एका अणूचं एक पाऊल साधारण १ ते २ मायक्रोसेकंद पडतं. वरचा ३,२०,८३२ अणूंचा बॉक्स १ लाख पावलं चालवायला एका कोअरवर १३ तास, ८ कोअरवर दोनेक तास. पण १० नॅनोमीटर थरात कमान पूर्ण उघडायला १३.४ नॅनोमीटरचा आडवा बॉक्स तोकडा पडतो. डिस्लोकेशन आपल्याच प्रतिमेला जाऊन भिडतं. त्या जाडीसाठी दोन्ही आडव्या दिशा दुप्पट करा : १२,८३,३२८ अणू, ८ कोअरवर सात-आठ तास. संगणक लहान असेल तर आम्ही बॉक्स लहान करण्याऐवजी थर ५ नॅनोमीटरचे घ्यायला सांगू.

मेमरी पुरते, डिस्क पुरत नाही. मजकुराच्या स्वरूपात एका मोठ्या फ्रेमला ७० ते ८० मेगाबाइट लागतात. सगळा प्रवास दर १,००० पावलांनी साठवा, आणि रीस्टार्ट फाइल दर ५,००० पावलांनी. पहिलं डिस्लोकेशन कोणत्या पावलाला सुटलं ते वक्रावरून कळलं की त्याच्या अलीकडच्या रीस्टार्टपासून तेवढाच तुकडा दर १०० पावलांनी साठवत पुन्हा चालवा. कोअरची संख्या मात्र तीच ठेवा. ती बदलली की बेरजेचा क्रम बदलतो, शेवटच्या दशांशातला फरक वाढत जातो, आणि दुसऱ्या वेळी डिस्लोकेशन वेगळ्याच नोडमधून निघू शकतं.